शिडी न लावता

माझा नवरा शिडीवरून पडला तो शिडी निसटली म्हणून नाही. खालून कुणीतरी एक वाक्य म्हणालं म्हणून पडला.

आमचं कोल्हापुरात रिंग रोडला गाड्या धुण्याचं सेंटर आहे. दोन वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयाची दर्शनी भिंत धुवायचं काम आलं होतं. राजवीर वीस फुटांच्या कळकाच्या, म्हणजे जाड बांबूच्या, शिडीवर, एक कोपर शिडीत अडकवून दोन्ही हातांत गाड्या धुवायची गन, खाली बघे. काम निम्मं झालं होतं. तेवढ्यात बघ्यांतून आवाज आला, "पैलवान, एका हातानं मारा की." राजवीरनी शिडीत अडकवलेला हात सोडवला आणि हवेत उंच केला. ही गन घोडा दाबला की माणसाला मागं रेटते. जमिनीवर असलं की मागचा पाय तो रेटा घेतो. शिडीवर मागं काय असतं? खुब्याचं हाड तीन ठिकाणी मोडलं, आत पट्टी बसली आणि डावा पाय कायमचा आखूड झाला.

कोण म्हणालं ते आजवर कळलेलं नाही. मी विचारायचं सोडलेलंही नाही.

आमच्याकडं ईर्षेला, कुणी डिवचलं की करून दाखवण्याला, कुणी वाईट म्हणत नाही. ईर्षेवर माणूस जेवतो, ईर्षेवर म्हैस घेतो, ईर्षेवर दवाखान्यात भरती होतो, आणि परत आला की लोक त्याची गोष्ट कौतुकानं सांगतात. राजवीरची गोष्टही तशीच सांगायचे. एका हातानं मारत होता गडी, म्हणे. ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी सांगून टाकलं की आमच्या सेंटरचा माणूस यापुढं शिडीवर चढणार नाही. ती शिडी मी जाळायला काढली, तर राजवीरनी जाळू दिली नाही. शेडच्या मागं आडवी टांगून ठेवली. पावसाळ्यात तिच्यावर प्लास्टिक घालायचे, तेव्हाच मला कळायला हवं होतं की या माणसाच्या मनात काय आहे.

दसरा झाला आणि मधुवंती मॅडम स्कूटर धुवायला आल्या. हायस्कुलात भूगोल शिकवतात, रंकाळ्याच्या बाजूला एका सोसायटीत राहतात आणि तिथल्या सेक्रेटरी आहेत. म्हणाल्या, "आमच्या इमारतीची पश्चिमेची भिंत शेवाळानं काळी झाली आहे. रंगारी म्हणतो, आधी धुऊन द्या, मग दिवाळीआधी रंग लावतो. तीन मजले आणि खाली पार्किंग. तुम्ही करता का असं काम?"

मी तोंड उघडायच्या आत शेडमधून आवाज आला, "करतो की."

मी वळून बघितलं. राजवीर पाइप गुंडाळत होते. माझ्याकडं न बघता गुंडाळत होते.

मॅडम गेल्यावर मी विचारलं, "कोण करणार?"

"मी."

"कसं?"

"जसं करत हुतो तसं."

दोन वर्षं हा माणूस स्टुलावर बसून गाड्यांची चाकं घासत होता. आधी गल्लीच्या तालमीत त्यांचा शब्द चालायचा. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या घेऊन जातात, तीस-पस्तीस फुटांचे कळक, तर आमच्या गल्लीची काठी सलग अकरा वर्षं राजवीरच्या कमरेवर होती. पडल्यापासून ते डोंगराकडं फिरकले नव्हते. आता त्यांना त्याच शिडीवर पुन्हा चढून दाखवायचं होतं. कुणाला, ते मला कळत नव्हतं. पण ते चढले तर परत पडतील आणि या वेळी उठणार नाहीत, एवढं मला पक्कं कळत होतं.

काम नको म्हणून सांगणं सोपं होतं. पण मी नको म्हटलं असतं, तर ते दुसरीकडं जाऊन चढले असते. म्हणून मी ठरवलं की काम घ्यायचं आणि जमिनीवर उभं राहून करायचं.

दुसऱ्या दिवशी भिंत बघायला गेले. सोसायटीचे चेअरमन अमरसिंह खाली खुर्ची टाकून बसले होते. ट्रान्सपोर्टचा धंदा, आवाज धंद्याला शोभेल असा. मी अट सांगितली, शिडी लावणार नाही, दोरीला माणूस लटकवणार नाही.

"मग काय भिंत खाली आणून धुणार हायसा?" अमरसिंह म्हणाले. दोघंतिघं हसले.

"ते माझं मी बघते."

"बघा वहिनी, दुसरा एक गडी तयार हाय. दोन तासांत चढून मोकळा हुतो. तुमी आपलं रविवारपातूर काय ते करा. न्हायतर त्याला बोलवतो."

मी भिंतीच्या कडेनं दोन फेऱ्या मारल्या. पश्चिमेला विजेची तार कुठं नाही, हे आधी बघून घेतलं. मग बोटानं शेवाळ खरवडलं. त्याखालचा गिलावा नखानंच सुटत होता. म्हणजे गाड्या धुवायचा दाब इथं लावला तर शेवाळ जाईल आणि भिंतही जाईल.

तिथून थेट उद्यमनगरात गेले. पंपांच्या एका दुकानात मालकाला म्हटलं, उंचावर धुवायचंय, जमिनीवरून, काय आहे ते दाखवा. त्यांनी पहिल्यांदा मोठा पंप दाखवला.

"अडीचशे बार दाब. ह्याच्यापुढं काय टिकत न्हाय."

"मला भिंत धुवायची हाय, पाडायची न्हाय."

मग त्यांनी लांब होणारी नळी काढली. एकात एक चार नळ्या, ओढत गेलं की चोवीस फूट होते. वरच्या टोकाला गन, खाली घोडा, कमरेला पट्टा. दिसायला झकास. मी हातात घेतली तर हलकी लागली. मालक म्हणाले, "बघा, काय वजन हाय का? घरात कोण चालवणार हाय, दादा का?"

"मी. पाणी सोडून दाखवा."

"पाणी कशाला? समद्या गिऱ्हाइकांनी अशीच नेलीया."

"सगळे कोरडंच धुतात काय?"

नाइलाजानं त्यांनी पाणी जोडलं. मी दुकानासमोर बोळात उभी राहिले, नळी पूर्ण लांब केली, पट्टा आवळला आणि घोडा दाबला. नळी पाण्यानं भरली आणि सगळं वजन शेंड्याला गेलं. वरून रेटा आला आणि मी तीन पावलं मागं गेले. शेंडा फिरला तो त्यांच्या दुकानाच्या पाटीवर. पाटीतल्या एका अक्षराचा रंग तिथल्या तिथं सोलून निघाला. मालक पाटीकडं बघत राहिले. मी घोडा सोडला, पट्टा काढून त्यांच्या हातात दिला.

मला नळी नको होती, पण दोन गोष्टी कळल्या होत्या. उंचावर जायला लांबी लागते आणि लांबीबरोबर दाब आला की माणूस उभा राहत नाही. तेव्हा दाब सोडायचा आणि लांबी ठेवायची. मग शेवाळ कशानं काढायचं, हा प्रश्न राहिला. त्याचं उत्तर मला आमच्याच हौदानं दिलं. दर वर्षी आम्ही हौदाचं शेवाळ टीसीएल पावडर टाकून काढतो, पिण्याच्या पाण्यात टाकतात तीच. मी ती बादलीत जास्त करून कालवली आणि कंपाउंडच्या भिंतीवर तांब्यानं मारली. चहा होईपर्यंत हिरव्याचं पिवळं झालं, आणखी थोड्या वेळानं पांढरं. वरून साधं पाणी ओतलं, सगळं वाहून गेलं.

राजवीर स्टुलावरून बघत होते. म्हणाले, "तांब्या चाळीस फुटावर कसा न्हेणार?"

मी नेसरीला वडिलांना फोन लावला. वडील गणपतराव, आमची काजूची बाग आहे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अनू, काजूवर औषध कसं मारतो आपण? झाडावर चढतो व्हय?"

मी लहानपणापासून बघत आले होते आणि माझ्या डोक्यात आलं नव्हतं. फवारणीचा पंप खाली, लांब पाइप, पाइप कळकाला बांधलेला, शेंड्याला पितळी नोझल. दाब इतकाच की पानं फाटत नाहीत, आणि धार मात्र कळकाच्या वर दहा-बारा फूट जाते.

"पंप, पाइप, नोझल समदं पाठवतो," वडील म्हणाले. "कळक तेवढा तिकडंच बघ. चांगला वाळल्याला घे. वला घेतलास तर हात मोडतील."

पंप शनिवारी रताळ्यांच्या टेम्पोतून मार्केट यार्डात आला. मी तो सोड्यानं तीन वेळा धुतला, काजूचं औषध कुणाच्या खिडकीत जायला नको म्हणून. कळक मात्र मिळेना. बुरूड आळीत होते ते आखूड तरी, नाहीतर ओले. मी दुपारभर फिरले आणि हात हलवत परत आले. राजवीर एका शब्दानं काही बोलले नाहीत. त्यांचं ते गप्प बसणं मला आवडलं नाही.

रविवारी सकाळी, वाटेत कळक मिळालाच तर कापायला म्हणून पिशवीत करवत टाकून, मी चिमणाबाईंना, आमच्याकडं गाड्या आतून पुसतात त्यांना, घेऊन रिक्षानं निघाले. राजवीर पंप घेऊन टेम्पोतून पुढं गेले होते. सोसायटीत पोचले आणि बघितलं तर पश्चिमेच्या भिंतीला शिडी लावलेली होती. तीच. प्लास्टिक काढून, पुसून, नवी दोरी आवळून आणलेली. राजवीरनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि त्यांचा उजवा पाय पहिल्या पायरीवर होता. भोवती अमरसिंह आणि सोसायटीतली सात-आठ माणसं. मधुवंती मॅडम गॅलरीतून बघत होत्या.

"या वहिनी," अमरसिंह म्हणाले. "पैलवान तयार झाल्यात. उगंच तुमी घोळ घालत हुतासा."

चारचौघांत मी नवऱ्याला अहो म्हणते. रागावले की नावानं हाक मारते, ती घरात. त्या दिवशी तिथंच मारली.

"राजवीर. खाली."

"अनुजा, माणसं बघाल्यात."

"बघू देत. मागल्या वेळीबी बघतच हुती. उचलायला किती आली?"

राजवीर हळू आवाजात म्हणाले, "एकदा चढू दे. एकदाच. मग म्हणशील ते करतो. जल्मभर काय स्टुलावरच बसू?"

मला वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की क्षणभर वाटलं, चढू दे. पण मग दवाखान्यातला तो वास आठवला, आणि शुद्धीवर येताना ते एका हातानं हवेत काहीतरी धरायला बघत होते ते आठवलं.

"जमिनीवर पडलासा तर मी उचलीन," मी म्हणाले. "रोज पडा, रोज उचलीन. वरनं पडलेल्याला एकदा उचललंय. परत न्हाय उचलणार."

त्यांनी पाय खाली घेतला. माझं ऐकून घेतला की रागानं घेतला, ते मला तेव्हा कळलं नाही. मी थांबलेच नाही. शिडी भिंतीपासून ओढली आणि चिमणाबाईंनी दुसरं टोक धरलं. शिडी फरशीवर आडवी केली, पिशवीतून करवत काढली आणि पहिली पायरी कापायला घेतली.

"अगं अगं, काय करालीस?" राजवीर पुढं आले.

"कळक पायजे हुता. वाळलेला."

वीस पायऱ्या होत्या. कापताना माझे हात भरून आले, पण मी करवत कुणाला दिली नाही. भोकांत रुतलेले पायऱ्यांचे तुकडे तसेच ठेवले, म्हणजे कळक तिथं कमजोर होऊ नये. शिडी संपली आणि फरशीवर वीस-वीस फुटांचे दोन कळक उरले. अमरसिंह खुर्ची ओढून बसले होते.

दोन्ही कळक एकावर एक पाच फूट घेऊन तारेनं आवळले. पस्तीस फूट झाले. ट्यूबच्या पट्ट्यांनी पाइप बांधला, शेंड्याला नोझल. मॅडमनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या आणि कुंड्यांवर जुन्या चादरी टाकल्या. मग मी कळक उचलायला गेले.

अर्ध्यापर्यंत उठला. मग शेंडा डावीकडं गेला, मी डावीकडं गेले. शेंडा उजवीकडं आला, मी उजवीकडं. चिमणाबाई माझ्या कमरेला धरून माझ्याबरोबर इकडून तिकडं धावत होत्या. वॉचमनसुद्धा हसायला लागला. कळक सावकाश आडवा झाला आणि मी त्याच्याबरोबर खाली बसले. डोळ्यांत पाणी आलं. ते लोकांनी बघितलं याचा मला जास्त राग आला.

"परत उचलायचा," मी चिमणाबाईंना म्हणाले.

"असा न्हाय उचलत," राजवीर म्हणाले.

ते कळकाच्या बुडख्याशी येऊन उभे होते. शेंड्यापर्यंत नजर नेली, परत आणली. अकरा वर्षं जी नजर काठीवर असायची, तीच.

"दोर किती आणल्यात?"

"चार."

"शेंड्याच्या खाली चार हातांवर बांध. चार दिशेला चार माणसं. कुणी वढायचं न्हाय, नुसतं ताणून धरायचं. आन् तुझी ओढणी दे."

मी ओढणी दिली. त्यांनी ती कमरेला दोन वेढे घालून आवळली, पुढं झोळी केली. जोतिबाला काठीचा बुडखा अशाच झोळीत बसवतात. वरून रेनकोट घातला, डोळ्यांना चष्मा लावला.

"अवो पैलवान," वॉचमन म्हणाला, "ही सासनकाठीची रीत. भिंत धुवायला चालती व्हय?"

"देवाची काठी न्हाय ही," मी म्हणाले. "माझी शिडी हाय."

एक दोर चिमणाबाईंनी घेतला, दुसरा वॉचमननं, तिसरा मॅडमनी खाली येऊन. चौथा मी अमरसिंहांच्या हातात दिला. "धरा चेअरमन. बसून काय बघालासा."

त्यांनी धरला. काय करतात? सगळी सोसायटी बघत होती.

राजवीरनी गुडघे किंचित वाकवले, श्वास घेतला आणि कळक उभा राहिला. डळमळला, दोर ताणले गेले आणि मग तो सरळ झाला. आखूड पायाखाली मी वीट सारली. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि वीट ठेवून घेतली. मी पंप चालू करून व्हॉल्व्ह उघडला. शेंड्यातून धार निघाली, गच्चीच्या कठड्यापर्यंत गेली आणि भिंतीवरून पसरत खाली आली. दाब नव्हता, आवाज नव्हता. अडीचशे बारवाल्याला बघायला मजा आली नसती.

पहिला पट्टा टीसीएलच्या पाण्यानं भिजवला, मुरू दिला, मग साध्या पाण्यानं धुतला. काळ्या भिंतीत तीन मजले उंच पांढरा पट्टा उभा राहिला. गिलाव्याचा एक कण पडला नाही. गॅलरीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. राजवीर एकेक पाऊल सरकत होते, मी त्यांच्याबरोबर वीट सरकवत होते, आणि चारही दोर आमच्याबरोबर चालत होते. चौथ्या पट्ट्याला तर अमरसिंह स्वतःच ओरडून बाकीच्यांना सांगायला लागले, ताण, सोड, ताण. माणूस रंगात आला होता. रंगात आलेला माणूस काय बोलेल याचा नेम नसतो.

"वा पैलवान," ते ओरडले. "आता एका हातानं तोला की."

माझा हात व्हॉल्व्हवर तसाच राहिला. त्यांना त्या जुन्या वाक्याचं काही ठाऊक नव्हतं, ते कौतुकानंच बोलले होते, आणि दोन वर्षांपूर्वीचा तोही कौतुकानंच बोलला असेल. राजवीरच्या उजव्या हाताची बोटं कळकावरून सुटली. मी बघितलं. एकेक करून चार बोटं सुटली, अंगठा तेवढा राहिला. त्यांचं तोंड वर, चष्म्यावर पाण्याचे थेंब. मला ओरडता आलं असतं. मी ओरडले नाही. हे माझं सांगून व्हायचं नव्हतं.

मग ती बोटं परत एकेक करून कळकावर बसली.

"का म्हणून?" राजवीर म्हणाले. आवाज चढवला नाही, पण चारही दोरांना ऐकू गेलं. "दोन हात हैत की मला."

अमरसिंह हसले, मग हसायचे थांबले आणि दोर नीट धरला.

"अनुजा," राजवीर म्हणाले, "वीट सरकव. फुडं जायाचंय."

मी वीट सरकवली.